घरच्या घरी लाइट टेंट: चकचकीत वस्तूंचे फोटो कसे काढावेत

तांबूस

नमस्कार मंडळी,

या विभागात किल्ले, पक्षी, पावसाळी भटकंती यांच्या फोटोंवर भरपूर धागे आहेत. टेबलावर ठेवून काढायच्या वस्तूंवर मात्र फारसं काही सापडलं नाही. हल्ली घरातून दागिने, सरबतं, खेळणी, भांडी विकणारे खूप जण झालेत आणि बहुतेकांचं गाडं फोटोपाशी अडतं. आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो गेल्याशिवाय गिऱ्हाईक आता पुढचं विचारतच नाही. म्हणून घरातल्या सामानातून केलेल्या लाइट टेंटबद्दल, म्हणजे वस्तूभोवती उभारायच्या, उजेड झिरपू देणाऱ्या पांढऱ्या खोक्याबद्दल सविस्तर लिहितोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी टेंट कशासाठी, ते बघू. सावली मऊ पडावी म्हणून, असं बरेच जण सांगतात. ते खरंच आहे, पण मातीचं मडकं, कापडी पिशवी किंवा लाकडी पाट यांना मऊ उजेड खिडकीशेजारीसुद्धा मिळतो. टेंटवाचून खरं अडतं ते चकाकणाऱ्या वस्तूचं. घासून लख्ख केलेला पितळी गडू टेबलावर ठेवा आणि त्याच्या पोटात नीट बघा. खिडकीचे गज, पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर, तुमचा शर्ट आणि मोबाइल धरलेले तुमचे हात, अशी सगळी खोली तिथे वाकडी होऊन बसलेली असते. दिवे कितीही वाढवले तरी ती खोली जात नाही, उलट जास्त ठळक दिसते. त्यामुळे अशा वस्तूचा फोटो काढताना वस्तूच्या आधी तिच्या भोवताली काय आहे याची आखणी करावी लागते. टेंटने आपण एवढंच करतो: गडूसमोरून आपली खोली काढून घेतो आणि तिथे पांढरं ठेवतो.

आता बांधणी. मिक्सर किंवा मायक्रोवेव्ह ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो तसा खोका घ्या. दीड फूट लांब-रुंद-उंच असला की तांब्या, गडू, लहान घंगाळं आरामात मावतं. वस्तूच्या निदान दुप्पट जागा आत हवी. वस्तू कागदाच्या फार जवळ गेली की कागदावर पडलेला दिव्याचा गोळा तिच्यात जसाच्या तसा उमटतो. खोका आडवा ठेवा, तोंड आपल्याकडे. डावी, उजवी आणि वरची बाजू कटरने कापून खिडक्या काढा. कडेला दोन-दोन बोटं पट्टी राहू द्या, म्हणजे खोका लेचापेचा होत नाही. या खिडक्यांवर बाहेरून ट्रेसिंग पेपर ताणून चिकटपट्टीने लावा. आत पांढरी कार्डशीट मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला क्लिपांनी अडकवा आणि सहज बाक देत पुढे जमिनीवर आणा. घडी घालायची नाही. कोपराच उरला नाही की मागे जमीन आणि भिंत जुळल्याची रेघ दिसत नाही. कार्डशीट फेविकॉलने चिकटवू नका. ती मळते, तिच्यावर भांड्याचे चरे पडतात आणि ती वारंवार बदलावी लागते.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. खिडक्यांभोवती उरलेली पुठ्ठ्याची पट्टी खाकी असते. ती गडूत खाकीच दिसते, आणि पांढऱ्या वस्तूवर मातकट छटा आणते. या पट्ट्यांना आतून साधा पांढरा कागद लावून टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच कळतो.

दिव्यांसाठी दोन टेबल लॅम्प आणि त्यात एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे एलईडी बल्ब. दिवा कागदाला चिकटवून ठेवला तर मधोमध पांढराफटक ठिपका आणि कडेला अंधार, असं होतं. फूट-दीड फूट मागे नेला की सगळा कागद सारखा उजळतो आणि तो अख्खा कागदच वस्तूसाठी दिवा होतो. मऊपणा येतो तो या मोठ्या उजळलेल्या कागदामुळे. फोटो काढताना खोलीतले बाकी दिवे बंद आणि पडदे ओढलेले हवेत. एका बाजूने बल्ब, दुसऱ्या बाजूने खिडकीतलं आभाळ असं झालं की भांडं अर्धं पिवळं, अर्धं निळं येतं आणि ते नंतर कुठल्याही अॅपमध्ये नीट सुटत नाही.

पुढची बाजू उघडी असते, तिथून आपण स्वतः आत दिसतो. तिच्यावर आणखी एक पांढरी कार्डशीट लावा आणि लेन्सपुरतं भोक पाडा. गडूच्या पोटात मग एक लहानसा काळा ठिपका राहतो, तो काढून टाकणं सोपं.

इथपर्यंतचं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. इथपर्यंत येऊन थांबलात तर मात्र भांडं मेल्यासारखं दिसतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. चहूबाजूंनी पांढरं केल्यावर पितळ पांढरट पडतं, गोलाई जाते, कडा मागच्या कागदात विरून जातात. धातू धातूसारखा दिसायला त्याला उजेडाबरोबर काळंही दिसावं लागतं. काळ्या कार्डशीटच्या दोन-तीन बोटं रुंद पट्ट्या कापा. वस्तूच्या डाव्या-उजव्या अंगाला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, उभ्या करा. गडूच्या दोन्ही अंगांना बारीक गडद रेघ उमटते आणि तो पुन्हा गोल होतो. पट्टी थोडी पुढे-मागे सरकवत राहा, नजर भांड्यावर ठेवा. रेघ सरकताना दिसते.

मठारकामाला तर याहून जास्त काळजी लागते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारख्या खळ्या ठोकतात, ते मठारकाम. यातली प्रत्येक खळी लहानसा अंतर्गोल आरसा असते. टेंटच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळल्या तर खळीच्या या अंगालाही पांढरं, त्या अंगालाही पांढरं; मठार सपाट होतो आणि हाताने ठोकलेलं भांडं साच्यातून काढल्यासारखं दिसतं. अशा वेळी एका बाजूचा दिवा सरळ बंद करा आणि त्या बाजूला आतून काळी कार्डशीट लावा. खळीच्या एका काठावर उजेड, दुसऱ्या काठावर अंधार आला की सगळी ओळ उठून येते. माणसाने बसून एकेक ठोका मारलेला असतो. तो ठोका फोटोत दिसलाच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो, म्हणून पांढरा कागद राखाडी येतो. एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे दुप्पट ते जवळजवळ तिप्पट, वाढवून घ्या. आणि भांडं पुसून झालं की हातमोजे घाला किंवा फडक्याने धरा. घासलेल्या तांब्यावर बोटांचे ठसे फार चटकन उठतात.

---

वाटसरू

वाचनखूण साठवली आहे. धन्यवाद!

---

नीलमोहर

फारच छान लिहिलंय, दादा. मी घरी मोत्यांचे दागिने करते. नथ, तन्मणी, चिंचपेटी. दोन प्रश्न आहेत.

एक, माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. चालेल का?

दुसरा महत्त्वाचा. असाच एक खोका मी करून बघितलाय. त्यात सोन्याचं काम बरं येतं, पण मोती खडूच्या गोळ्यांसारखे दिसतात, पाणी जातं त्यांचं. गिऱ्हाईक प्लास्टिकचे आहेत का विचारतात. आणि ट्रेसिंग पेपरऐवजी स्वयंपाकघरातला बटर पेपर लावलाय, त्याने काही बिघडतं का?

---

तांबूस

नीलमोहर ताई, बटर पेपर चालतो. काही बटर पेपर पिवळसर असतात, एवढंच बघा. तिन्ही खिडक्यांना एकच कागद असला तर ती छटा व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातली सोय) निघते. एका बाजूला बटर पेपर आणि दुसऱ्या बाजूला ट्रेसिंग पेपर असं मात्र करू नका.

मोत्यांबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त अनुभव असलेले लोक आहेत, त्यांनी लिहावं.

---

सांजवेळ

मोत्यांबद्दल मी सांगते, माझं कामच दागिन्यांच्या फोटोंचं आहे.

मोत्याचं पाणी म्हणजे त्याच्यावर एका जागी पडलेली चमक आणि तिथून हळूहळू गडद होत जाणारी छटा. मोती पांढरा, त्याच्याभोवती सगळं पांढरं, मग छटा येणार कुठून? म्हणून मोत्यांना तीन बाजूंनी उजेड द्यायचाच नाही. फक्त वरचा किंवा वरून थोडा मागचा एकच दिवा ठेवा. बाजूच्या दोन्ही खिडक्यांवर आतून राखाडी किंवा काळा कागद लावा. पुढून एखादा लहान पांढरा कागद तिरका धरा, म्हणजे खालचा भाग अगदी काळा पडणार नाही. प्रत्येक मोत्यावर एकच चमक आली पाहिजे. दोन चमका दिसल्या तर दोन दिवे लागलेत असं समजा.

पार्श्वभूमीही पांढरीच हवी असं काही नाही. फिकट राखाडी किंवा मळकट गुलाबी कागदावर मोती जास्त खुलतो. काळ्या मखमलीवर धूळ आणि कापसाचे तंतू इतके दिसतात की ते साफ करण्यातच वेळ जातो.

नथीसाठी तर खोकासुद्धा लागत नाही. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा दुधाळ पांढरा डबा घ्या, बाहेर छपाई नसलेला. तळ कापून काढा आणि डबा नथीवर पालथा घाला. वरच्या भोकातून मोबाइल, बाहेरून एका बाजूने दिवा. डब्याची भिंतच उजेड पसरवते. एका बाजूला आतून काळ्या कागदाचा तुकडा चिकटवला की सोन्याच्या तारेला कड येते. नथ उभी दाखवायची असेल तर तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, बारीकसं मेण लावून काचेच्या तुकड्यावर टेकवा. मोत्याला मेण लागू देऊ नका, फक्त तारेला.

मोबाइलच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. फार जवळ जाऊ नका, थोडं लांबून २एक्स (दुप्पट झूम) वर काढा. जवळून काढलं की पुढचा मोती मोठा आणि मागचे लहान असं होतं, शिवाय मोबाइलची सावली पडते. बऱ्याच फोनमध्ये जवळ गेल्यावर मॅक्रो आपोआप सुरू होतो आणि ती रुंद लेन्स असते, तो बंद करा. मग दागिन्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, आणि सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा.

---

नीलमोहर

बाजूचे दिवे बंद करून काळा कागद लावला. चिंचपेटीच्या मोत्यांवर पहिल्यांदाच ती गुलाबी झाक आली! खूप खूप आभार, सांजवेळ ताई.

---

फेज_न्यूट्रल

दिव्यांबद्दल थोडी भर घालतो. विद्युत क्षेत्रातला असल्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. स्वस्त एलईडीचा उजेड त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे येत असतील तर कारण बहुधा हेच. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवा, पट्टे जातात. ट्रायपॉड असेल तर याहून सावकाश शटर अगदी उत्तम, तिथे सगळी सरासरीच होते. नवीन बल्ब घ्यायचा असेल तर दुकानातच तो लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब फोटोच्या कामाचा नाही.

दुसरं, रंग. बल्बच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साधारण घरगुती बल्ब ८० चे असतात. शक्य असेल तर ९० च्या वरचा घ्या. ८० च्या बल्बमध्ये बहुतेक वेळा गडद लाल रंगच कमी असतो, आणि तांबं, माणिक, कुंकू, लाख हे सगळं त्या लालवरच उभं आहे. तुमचं तांबं फोटोत मातकट येत असेल तर आधी बल्ब बदला, मग अॅपमध्ये रंग वाढवा.

६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा घ्यावा की ३००० चा पिवळा, हा प्रश्न दुय्यम आहे. सगळे दिवे एकसारखे असले की पुरे.

शेवटचं, सुरक्षिततेचं. लग्नाच्या शूटिंगला पूर्वी वापरायचे तसले ५०० वॅटचे हॅलोजन कोणाकडे पडून असतील तर ते कागदाच्या किंवा कापडाच्या टेंटजवळ आणू नका. कागद पेट घेऊ शकतो, आणि थर्माकोल त्या उष्णतेने वितळतो. एलईडीला ही भीती नाही, तरी वायरी पायात येणार नाहीत अशा टाका.

---

रंगपेटी

कागदाऐवजी कापड वापरणाऱ्यांसाठी. जुनं पांढरं धोतर किंवा मलमल उत्तम, पण ते नीळ किंवा टिनोपॉल दिलेलं नको. नीळ कापडाला निळसर करते हे तर दिसतंच. टिनोपॉलचं काम वेगळं आहे, ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. खिडकीच्या उजेडात असं कापड वापरलं की पितळ हिरवट आणि चांदी निळी दिसते. मांजरपाट कोरं असताना पिवळसर असतं, चार-पाच धुण्यांनंतर बरं होतं. कापडावर इस्त्री जरूर फिरवा, सुरकुत्या भांड्यात दिसतात.

हीच गोष्ट कागदाची. अतिशुभ्र कागदांतही तेच द्रव्य असतं. पार्श्वभूमीचा कागद आणि व्हाइट बॅलन्ससाठी धरलेला कागद वेगवेगळे असतील तर रंग चुकतो. दोन्हीसाठी एकच कार्डशीट वापरा, किंवा सरळ राखाडी कार्ड घ्या.

मोबाइलवाल्यांना आणखी एक सांगते. चौकटभर तांबंच असेल तर फोन समजतो की उजेडच नारिंगी आहे, आणि तो नारिंगीपणा काढून टाकतो. तांबं मग फिकं पडतं. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स बल्बावर लिहिलेल्या केल्विनवर ठेवा आणि तिथेच राहू द्या.

---

तांबूस

रंगपेटी, ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी फार मोलाची आहे. तांब्याचा रंग दर फोटोत वेगळा का येतो याचं उत्तर मिळालं.

---

दख्खनी

मी नाण्यांचे फोटो काढतो, आणि मला इथे जरा वेगळं मत मांडायचं आहे. नाण्यांसाठी टेंट वापरू नका.

शिवराईचंच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शेकडो वर्षं हातोहात फिरून अक्षरं इतकी झिजलेली असतात की उंचवटा म्हणायला केसाएवढाच उरतो. टेंटचा उजेड सगळीकडून सारखा येतो, आणि सारख्या उजेडात हा उंचवटा दिसतच नाही. नाणं म्हणजे नुसती तांबूस टिकली होते.

झिजलेल्या नाण्याला एकच लहान दिवा लागतो, तोही अगदी खालून, टेबलाला जवळजवळ टेकलेला. तिरपा उजेड अक्षराच्या एका काठाला अडतो आणि पलीकडे बारीक सावली टाकतो. नाणं जागेवर ठेवून दिवा त्याच्याभोवती हळूहळू फिरवा. एखाद्या कोनावर ‘राजा’मधला काना अचानक उभा राहतो, तिथे थांबा. दिवा शक्यतो फोटोत नाण्याची वरची बाजू येते त्या अंगाला ठेवा; फोटोत उजेड खालच्या बाजूने आला की खोल अक्षरं उठावाची आणि उठावाची खोल भासतात.

कमी झिजलेल्या, चकचकीत नाण्यासाठी दुसरी युक्ती आहे. नाण्यावर साध्या काचेचा तुकडा ४५ अंशांत तिरका धरा. दिवा बाजूने त्या काचेवर टाका, कॅमेरा वरून काचेतून बघेल. काच थोडा उजेड खाली नाण्यावर सरळ पाठवते आणि तो सरळ वर येतो. सपाट भाग उजळ, अक्षरांचे उतार गडद असं स्वच्छ चित्र मिळतं. काच उभी करायला दोन काड्यापेट्या आणि थोडी माती पुरते.

आणि कळकळीची विनंती, फोटोसाठी जुनं नाणं चिंच-मीठ लावून घासू नका. वरचा काळसर-हिरवट थर हा त्याच्या वयाचा भाग आहे. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमतही जाते.

---

सांजवेळ

दख्खनी, पूर्ण सहमत. तांबूस यांनी मठारकामासाठी जे सांगितलं तेच हे, फक्त जास्त टोकाला नेलेलं.

---

कोकणकडा

आमचं कोकम आगळ आणि सरबत काचेच्या बाटल्यांतून जातं. ऑनलाइन विक्रीच्या जागी पार्श्वभूमी शुद्ध पांढरी मागतात. टेंटमध्ये बाटली ठेवली की आगळ काळं दिसतं आणि काचेची कड मागच्या पांढऱ्यात हरवते. लेबल तेवढं छान येतं. काय करावं?

---

सांजवेळ

काच धातूसारखी वागत नाही. धातू समोरचं दाखवतो, काच मागचं दाखवते. म्हणून बाटलीला उजेड मागून द्यायचा.

टेंटची मागची कार्डशीट काढून तिथेही ट्रेसिंग पेपर लावा आणि मागून दिवा सोडा. आगळ त्यातून उजळतं. मग काळ्या पट्ट्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर. काचेच्या कडेला त्या पट्ट्या वाकून दिसतात आणि बाटलीला काळी रेघ येते. पट्ट्या जितक्या जवळ तितकी रेघ जाड.

आगळ फार गडद असेल तर मागून पूर्ण उजेड देऊनही ते काळंच राहतं. त्यासाठी बाटलीच्या आकाराचा, पण तिच्यापेक्षा किंचित लहान, चॉकलेटच्या चांदीचा किंवा पांढरा कागद कापा आणि बाटलीच्या अगदी मागे तिरका टेकवा, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. वरचा दिवा त्यावर पडतो आणि उजेड आगळातून पुढे येतो. लाल रंग पेटल्यासारखा दिसतो. आगळात पाणी घालून रंग फिका करण्याच्या फंदात मात्र पडू नका. गिऱ्हाईकाला फोटोत दिसलं तेच बाटलीत मिळालं पाहिजे.

लेबलसाठी पुढून, एका बाजूने, अगदी मंद दिवा. बाटलीवर त्याचा उभा लांब पट्टा दिसला तर तो ट्रेसिंग पेपरमधूनच येऊ द्या, मग तो छान वाटतो.

---

वाटसरू

एक शंका. बाजारात घडीचे तयार लाइट बॉक्स मिळतात, आत एलईडीच्या पट्ट्या असलेले, फार महागही नाहीत. मग एवढी कापाकापी कशाला?

---

तांबूस

साबण, मेणबत्त्या, मसाल्याची पाकिटं, पुस्तकं अशा वस्तूंसाठी जरूर घ्या. वेळ वाचतो. भांड्यांसाठी मला ते चालत नाहीत. आतल्या एलईडीच्या पट्टीवर पुढे कागद नसेल तर तिचा एकेक दाणा गडूत मोजता येतो, वरच्या काठाभोवती पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटते. शिवाय दिवे पेटीतच बसवलेले असतात. डावीकडचा बंद करावा, उजवीकडचा लांब न्यावा, मागून सोडावा, हे काहीच करता येत नाही, आणि वर सगळ्यांनी जे सांगितलंय ते सगळं दिवा हलवण्यावरच आहे. तुमच्याकडे अशी पेटी आधीच असेल तर पट्टीखाली ट्रेसिंग पेपर ताणून लावा, बराच फरक पडेल.

खर्चाचं म्हणाल तर खोका फुकट, कार्डशीट आणि ट्रेसिंग पेपर मिळून शे-दीडशे रुपयांत होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला हा कागद सहज मिळतो. बल्ब आणि होल्डरसाठी मुंबईकरांनी लोहार चाळीत चक्कर मारावी.

---

रंगपेटी

सावंतवाडीच्या लाखेच्या खेळण्यांबद्दल कोणीतरी लिहा ना. लाकडी फळं आणि भाज्यांचा सेट आहे माझ्याकडे. लाखेचा रंग गडद आणि वर चमक, दोन्ही एकदम येत नाही.

---

सांजवेळ

टेंटमध्ये लाखेवर पांढरं प्रतिबिंब सगळीकडे पसरतं आणि खालचा रंग धुरकट होतो. फक्त वरच्या खिडकीतून उजेड घ्या आणि ती खिडकीही काळ्या कागदाने अर्धी झाका. फळाच्या माथ्यावर एक आखीव चमक राहील, बाकी अंगावर खरा रंग दिसेल. लाल आणि जांभळ्याला हे फार शोभतं.

---

नीलमोहर

अजून एक विचारते. आजीची अडीच फुटी पितळी समई आहे, तिचा लावलेल्या वातींसकट फोटो हवाय. खोक्यात ती मावणार नाही. आणि कागदाच्या टेंटमध्ये ज्योत म्हणजे भीती वाटते.

---

तांबूस

भीती योग्यच आहे. झाकलेल्या टेंटमध्ये ज्योत पेटवायची नाही, कितीही मोठा असला तरी.

मोठ्या वस्तूंसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि तीन तोंडांचे एल्बो आणून चौकट करा, प्रत्येक बाजू पाच फूट. पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावू नका, नुसते खोचले तरी उभे राहतात आणि काम झालं की सुटे करून पलंगाखाली ठेवता येतात. दोन्ही बाजूंना धुतलेलं पांढरं कापड, मागे कागदाचा रोल. वरची बाजू मोकळी ठेवा. कापड समईपासून दोन फूट तरी दूर असू द्या, आणि पंखा बंद.

ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विनचा, म्हणजे पुष्कळ नारिंगी असतो. ६५०० चे दिवे लावले तर ज्योत शेंदरी दिसेल. इथे २७०० किंवा ३००० चे पिवळे बल्ब लावा, पितळही उबदार येतं. आधी दिवे बंद करून फक्त ज्योतीसाठी एक्सपोजर ठरवा, तिचा आकार स्पष्ट दिसेल इतकं कमी. ते तसंच लॉक करा. मग दिवे लावा आणि पितळ नीट दिसेपर्यंत जवळ आणा. दिवे पुरत नसतील तर ट्रायपॉड न हलवता दोन फोटो काढा, एक ज्योतीचा, एक पितळाचा, आणि नंतर जोडा.

तेल बेताचं घाला आणि वाती बारीक ठेवा, म्हणजे ज्योत स्थिर राहते. समई सुटी होत असेल तर फोटोआधी तिचे आटे घट्ट आवळून घ्या. खांब जरासा जरी कलला असला तरी फोटोत लगेच दिसतो. काळ्या पट्ट्या खांबाच्या दोन्ही बाजूंना उभ्या करा, पण इथे त्या कागदाच्या नकोत. काळा रंग दिलेली पत्रा-पट्टी असेल तर उत्तम.

---

फेज_न्यूट्रल

 आणि कोरड्या वाळूचा डबा हाताशी ठेवा, तेलाच्या आगीवर पाणी मारू नये.

---

नीलमोहर

वाळू आहे घरात, कुंड्यांसाठी आणलेली. पाइप उद्या आणते. समईचा फोटो याच धाग्यावर टाकेन, तेव्हा काय सुधारायचं ते सगळ्यांनी नक्की सांगा.